डाव्या पिळाचा फास

झेलिपा म्वालेचं तोंड फटकळ आहे, हे लुआंग्वा नदीकाठच्या पाच-सहा गावांत सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं नवऱ्याला चारचौघांत सुनावलं होतं, पाद्रीबाबाला सुनावलं होतं, आणि एकदा तर पातेलं बडवत, अंगणात घुसलेल्या हत्तीलाही सुनावलं होतं. हत्ती गेला, पण कणगीतला मका खाऊन गेला. तेव्हा हत्तींवर तिचा जीव होता असं कुणी समजू नये.

प्राणी वाचवायच्या कामात ती पडली ती हातातल्या कसबामुळे. चोरट्या शिकाऱ्यांनी लावलेले तारेचे फास वनरक्षक जंगलातून काढून आणायचे. गावच्या चौदा बायका पकडीनं त्यांचे पीळ उलगडायच्या, तार ठोकून सरळ करायच्या आणि मणी ओवून तिची कडी करायच्या. सुगीनंतर मुखियाच्या मैदानात मेळा भरला की ती कडी विकायची, त्यातून वनरक्षकांच्या गस्तीला हातभार लागायचा. गिऱ्हाइकाच्या हातात कडं घालताना झेलिपा दर वेळी एकच वाक्य म्हणायची, "ही तार आता कुणाला मारणार नाही." हा तिचा शब्द होता. आणि झेलिपा फटकळ असली तरी खोटी नव्हती.

यंदाच्या मेळ्यात मात्र सकाळपासून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. कारण तिच्या कमरेला गुंडाळलेल्या चितेंगे कापडाच्या चार पदरी गाठीत एक फास होता.

गेल्या आठवड्यात आलेल्या गठ्ठ्यातला हा एक फास कुणालाच उघडेना. पकड लावली की पीळ आणखी घट्ट बसायचा. दोघींची नखं गेली. झेलिपानं तो हातात घेतला आणि बोटांनी पीळ चाचपला. तीन वेढे उजवीकडे, शेवटचा डावीकडे, आणि टोक आत दडवलेलं. तिचा बाप डावखुरा होता, आणि हा पीळ त्याचा होता. त्यानं तो फक्त मुलाला शिकवला. झेलिपा दारात भुईमूग सोलत बसायची आणि बघून तो ओळखायला शिकली. बाप जाऊन अकरा वर्षं झाली होती. तार नवी होती, अजून चकाकत होती.

आणि भाऊ लाझालो तिच्या टपरीशेजारीच उभा होता, इस्त्रीचा कोट घालून. तीन वर्षांपूर्वी त्यानं मुखियाच्या पायाशी आपले सगळे फास टाकले होते, गुडघ्यावर बसून, आदराच्या रीतीनं टाळ्या वाजवून क्षमा मागितली होती. तेव्हापासून तो मेळ्याचा गळ्यातला ताईत झाला. बायका कडी करायच्या, लाझालो गोष्ट सांगायचा, आणि गोष्ट ऐकून लोक कडी घ्यायचे.

"मी पापी होतो," तो आत्ताही चार-पाच लोकांना सांगत होता. "पण माझ्या बहिणीनं माझ्या पापाचे दागिने केले."

झेलिपानं मण्यांचा डबा असा आपटला की मुलगी तियामिके दचकली. तियामिके टपरीवर दोरा ओवत बसली होती. रविवारी तिला मागणी घालायला मुलाकडचे येणार होते.

तेवढ्यात वनरक्षक जेरे आला. तो न्गोनी जमातीचा, ही चेवा. म्हणजे दोघांचं थट्टेचं नातं. न्गोनीनं चेवाला आणि चेवानं न्गोनीला काहीही बोलावं, रागवायची सोय नाही.

"काय गं उंदीरखाऊ, आज उंदीर शिजला नाही वाटतं? तोंड केवढं फुगवलंयस."

"तू आलास ना, म्हणून उंदीर पळाले, पळपुट्या. इकडे ये." तिनं त्याला मागे ओढलं, गाठ सोडून फास दाखवला. "हा कुठं मिळाला?"

जेरेचं हसू विरलं. "डोहापाशी. हत्तीचं पिल्लू होतं. सोंड अर्धी तुटलेली. पाणी पिता येईना त्याला. दोन दिवस आई त्याच्या तोंडात पाणी ओतत होती. तिसऱ्या दिवशी गेलं."

"हा माझ्या भावाचा आहे."

जेरेनं मान वळवून लाझालोकडे पाहिलं.

"तू बोल सगळ्यांसमोर," झेलिपा म्हणाली. "तुझं बोलणं कुणी मनावर घेत नाही. मी सख्ख्या भावावर तोंड टाकलं तर रविवारी माझ्या पोरीच्या बाजूनं बोलणार कोण? आमच्यात मामा नाही तर लग्न नाही. मागणीच्या बैठकीत बापाला तर बसायलाही मागं जागा."

"म्हणूनच माझा उपयोग नाही," जेरे म्हणाला. "मी बोललो तर सगळे हसतील. तोही हसेल, मला बिअर पाजेल, आणि विषय संपेल. थट्टेत बोललेलं थट्टेतच जातं, झेलिपा."

ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणून तिला आणखी राग आला. जेरेचा, रीतीचा, त्या इस्त्रीच्या कोटाचा. सगळ्यांत जास्त स्वतःचा. तीन वर्षं ती शब्द देत आली होती, आणि ज्याच्या गोष्टीवर कडी खपत होती तो जंगलात नवे फास लावत होता. घरच्या माणसानं केसानं गळा कापला होता.

ती पुढं आली. दवाखान्यातली नर्स हातात कडं घालून बघत होती. लाझालोची गोष्ट रंगात आली होती.

"दादा, हा एक उघडत नाही," झेलिपा साध्या आवाजात म्हणाली. "बायकांची नखं गेली. बघ जरा."

लाझालोनं बोलता बोलता फास घेतला. "तर मुखिया मला म्हणाले..." आणि त्याच्या अंगठ्यानं टोक शोधलं, डावीकडे एक झटका दिला, अन् पीळ सुटला. पकडसुद्धा लागली नाही. तार त्याच्या हातात सरळ लोंबत राहिली.

टपरीमागच्या बायका थिजल्या. त्या पिळानं त्यांना दोन दिवस छळलं होतं. म्हातारी एसिनाती हळूच म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ जळत नाही."

लाझालोनं हाताकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"ज्यानं घातला त्यालाच सुटतो हा," झेलिपा म्हणाली. आता तिचा आवाज मैदानभर गेला. "बाबांचा पीळ आहे. बाबा थडग्यात आहेत. तार नवी आहे. डोहापाशी हत्तीचं पिल्लू मेलं हिनं. आणि मी मूर्खासारखी लोकांना सांगतेय, ही तार कुणाला मारणार नाही."

"घरातलं घरात बोल," लाझालो दातओठ खात म्हणाला.

"घरात मटण आणलंस तेव्हा ते बकऱ्याचं होतं की जंगलातलं, ते मी विचारलं नाही. तिथंच चुकले. तुझा कोट शिवला तोही या कड्यांच्या जिवावर."

लाझालो जवळ आला. त्यानं आवाज खाली आणला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "ठीक. मग रविवारी मी येत नाही. पोरीला कोण देतं ते बघू. तूच बोल उभी राहून, लोक थुंकतील."

  झेलिपानं पोरीकडे पाहिलं आणि डोळ्यांत पाणी आलं, तेही रागानंच.

तियामिके उठली. मांडीवरचे मणी तिनं डब्यात टाकले, मामासमोर आली, रीतीप्रमाणे गुडघ्यावर बसली आणि टाळ्या वाजवल्या, एकदा, दोनदा, तीनदा. डोळे जमिनीवर ठेवूनच ती बोलली.

"मामा, तुम्ही येऊ नकाच. रविवारचं पुढं ढकला म्हणून मी पाहुण्यांना निरोप धाडते. त्यांना हवी असेन तर ते थांबतील."

 लाझालो हातातली तार टाकून गर्दीतून निघून गेला. जेरे दोन पावलं अंतर ठेवून त्याच्यामागं गेला, आज त्याच्या तोंडी थट्टा नव्हती.

नर्सनं हातातलं कडं अर्धवट काढलं. "झेलिपाताई, हे... ठेवू की काय करू?"

झेलिपानं नाक पुसलं. खाली वाकून तार उचलली, ऐरणीवर ठेवली आणि हातोडी घेतली.

"ते कडं त्याच्याच तारेचं असेल, नसेल, मला माहीत नाही," ती म्हणाली. "माहीत असून घ्यायचं तर घे. नको तर ठेव. शब्द मी आता देत नाही."

नर्सनं कडं परत मनगटावर सरकवलं. झेलिपा तार ठोकू लागली, आणि तियामिकेनं दुसरं टोक पकडीत धरलं.