एका बैठकीचं पुस्तक

“कोन ऱ्हायला?” असं पुटपुटत ते बोटांची पेरं मोजायला लागले, की मी चहा टाकायला उठत असे. गावातलं एकेक घर ते वरच्या आळीपासून मोजत येत, आणि एखादं वहीत यायचं राहिलं असलं तर तिथंच माझ्या टेबलावर लिहायला बसत.

दापोडे गावचे हे गृहस्थ. भिवंडीत राहिलेल्यांनी असे पुष्कळ पाहिले असतील. पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, शेतावर गोदामं उभी राहिलेली आणि हाताला काम नाही. पण यांनी काय काढावं? तर लघुकादंबरी लिहायची! मी भिवंडीच्या कामतघर भागात राहणारा, शाळेत मराठी शिकवणारा. शुक्रवारी आसपासचे यंत्रमाग बंद असतात, तेव्हाच आमच्या गल्लीत माणसाचं बोलणं धड ऐकू येतं. अशाच एका शुक्रवारी ते दारात उभे राहिले.

“सर, बारकी कादंबरी कशी लिवतात ती शिकवा.”

“बारकीच का?”

“मोठी असली तं दादा मधीच खाली ठेवंल. एका बैठकीन वाचून व्हाया पायजे.”

दादा म्हणजे सख्खा थोरला भाऊ. शेजारच्याच घरात राहणारा, आणि जमिनीच्या व्यवहारापासून सात वर्षं त्यांच्याशी एक शब्द न बोललेला. मध्यस्थी करायला गेलेल्यांना त्याने दारातूनच परत पाठवलं होतं. “तो मानसाचा ऐकत न्हाय, सर. पुस्तकाचा ऐकतो,” ते म्हणाले. दादाला वाचनाचं वेड, पण साखरेने डोळे चालले होते. तेव्हा घाई होती.

मी त्यांना नेहमीचं शिकवलं. एक माणूस घ्या, एक घटना घ्या, बाकी सोडून द्या. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या महिन्यात अख्खं गाव चार वह्यांत घालून आणलं. भात झोडताना मोठमोठ्याने पाढे म्हणणारे एक काका होते. कोंबड्यांना स्वतःच्या जावांची नावं ठेवून त्यांना दिवसभर शिव्या घालणारी एक काकी होती. वाचताना मी पोट धरून हसलो, आणि मग लाल पेन उघडलं.

“यातली तीन घरं ठेवा. बाकीची काढा.”

ते घाबरलेच. “सर, लग्नाचा आवतन देताना एक घर चुकला तं लोक जन्मभर बोलत न्हाय. यो तं छापून येनार!”

त्यांना कादंबरी लिहायची होती की हळदीला बोलावणं करायचं होतं, तेच मला कळेना. मी एक घर काढावं, त्यांनी पुढच्या शुक्रवारी दोन आणावीत. यात दीड वर्ष गेलं. खरं सांगायचं तर मलाही त्या लाल पेनाची मजा वाटत होती. शाळेतली मुलं एवढं ऐकत नाहीत. दादाचे डोळे माझ्यासाठी थांबणार नव्हते, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही, आणि त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

शेवटी वही एका बैठकीएवढी झाली. दोघे भाऊ लहान होते, खाडीत मासे धरत होते, आणि पान उलटलं की एकदम गोदामं. मधली दोन पानं कोरी.

“इथं काय?”

“ता तुमी लिवा. तुमची भाषा चांगली हाय.”

“पण घडलं काय?”

टेबलाकडे बघत त्यांनी सांगितलं. खाडीकडचा तुकडाच विकायचाय, असं दादाला सांगून त्यांनी कागद पुढे केला होता. कागदात घरामागचं शेतही होतं. पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय न टाकणारा तो माणूस. त्याने खिशातून चष्मासुद्धा काढला नाही, कारण कागद धाकट्या भावाच्या हातात होता. “मीच बोट ठेवून दाखवला, हितं सही कर.”

“हे लिहा,” मी म्हणालो. “तुमची कादंबरी एवढीच आहे.”

दोन महिने ते फिरकले नाहीत. मग दीड पान लिहून आणलं. त्यात कुणाला दोष नव्हता, सबब नव्हती. मी पेनाचं टोपणसुद्धा उघडलं नाही.

पण तोवर दादाला अक्षर दिसेनासं झालं होतं. वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. वाचून दाखवायला आलेला शिक्षक म्हणून, लेखकाचं नाव न सांगता, मी दादांच्या पडवीत बसलो. हे गृहस्थ बाहेर रस्त्यावर गाडीत थांबले.

दादा खुशीत ऐकत होते. कोंबड्यांना तर खो-खो हसले. “सात व्हत्या, सहा न्हाय,” अशी चूकही काढली. वही कुणाची हे त्यांना तिथंच कळलं असावं. चेहरा उतरला, पण म्हणाले, “वाचा.”

मी ते दीड पानही वाचलं.  दादांनी उजवा हात माझ्यापुढे धरला.

“पेन द्या, सर. माफीवर सही पायजे ना त्याला? कुठं करू, तेवढा बोट धरून दाखवा.”

मी वही उचलून बाहेर आलो.

“पुरा ऐकला?” गाडीतून त्यांनी विचारलं.

“पुरं ऐकलं.”

“काय बोलला?”

मी वहीची पानं सारखी करू लागलो. त्यांनी दार उघडून मला शेजारी बसवलं. “दीड पान मना वाचून दाखवा. त्याला वाचला तसाच. मी लिवलाय, पन ऐकला न्हाय कवा.”

मी वाचलं. ते समोरच्या काचेतून गोदामाच्या भिंतीकडे बघत होते. वाचून झाल्यावर त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, मिटली आणि मांडीवर ठेवली.

“त्याचे जागेवर मी असतो,” ते म्हणाले, “तं मी पन न्हाय बोललो असतो.”

त्यानंतरच्या शुक्रवारी मी सवयीने दोन कप चहा टाकला. ते आले नाहीत. पुढेही कधी आले नाहीत.