आबांनी टाकलेला शब्द

मी समाजशास्त्रात एम. ए. झाले तेव्हा आमच्या चौसाळ्यातली, बीडजवळच्या गावातली, माणसं मला दोनच गोष्टी विचारायची: पुढं काय, आणि लग्न कधी. दोन्हींची उत्तरं माझ्यापाशी नव्हती. अशात पुण्याच्या एका संशोधन संस्थेची जाहिरात दिसली. खेड्यातली माणसं सरकारी कामासाठी कुणाकडे जातात आणि का जातात, याचा अभ्यास होता, आणि त्यासाठी मराठवाड्यातली संशोधन सहायक हवी होती. मला वाटलं, ही जाहिरात माझ्यासाठीच काढलीय. तळाशी अट होती: कुणाची शिफारस आणल्यास उमेदवार बाद. ती वाचून मी हसले. माझी शिफारस करायला कोण बसलंय?

मुलाखतीला निघाले त्या सकाळी आबा, म्हणजे माझे वडील, मला बसमध्ये बसवायला आले. बस लांबून दिसल्यावर हळूच म्हणाले, "घोर करू नको माय. काल मी बीडला साहेबाच्या बंगल्यावर गेलतो. शब्द टाकलाय. साहेबानं माझ्यासमोरच फोन लावला."

साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. माझं डोकंच फिरलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं जायला? आता बाद करतील मला."

"बाद कावून करतील? साहेबाचा फोन हाय."

आबा खूश होते. पुण्यापर्यंत मी खिडकीशी बसून चरफडत राहिले. सोबतची भाकरी सोडलीच नाही.

मुलाखतीत मधल्या खुर्चीवरच्या मॅडमनी पहिलंच विचारलं, "तुमच्यासाठी एक फोन आला होता. ठाऊक आहे?"

खोटं बोलायचं मनात आलं, पण मला ते कधीच नीट जमलेलं नाही. म्हणाले, "माझे वडील साहेबांकडे जाऊन आले. तुमची अट मला माहीत होती, त्यांना नव्हती."

"पण का गेले?"

"आमच्याकडे पोरीच्या नोकरीसाठी बाप कुणाच्या दारात गेला नाही, तर त्याला पोरीची पडलेली नाही असं समजतात. स्वतःच्या विहिरीची मंजुरी अडली होती, तेव्हासुद्धा ते त्या बंगल्यात गेले नव्हते."

सकाळपासून मी ज्या माणसावर दात-ओठ खात होते, त्याला मी तिथं पहिल्यांदा नीट पाहत होते. मग इतर प्रश्न झाले. काय उत्तरं दिली, ते आता आठवत नाही. नोकरी गेली असं धरूनच मी परतले.

पुढच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. "तो फोन आल्यावर तुमचं नाव वगळायचंच ठरलं होतं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही इतक्या लांबून आलात, म्हणून ऐकून घेतलं. माणसं दारात का जातात, हेच तर आम्हाला शोधायचंय. तुम्ही या."

आबांना एवढंच कळलं की निवड झाली. त्यांनी धुतलेला सदरा घातला, पेढे आणले आणि साहेबांचे आभार मानायला बीडला निघाले. खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात ते म्हणाले, "तुझ्या बापाचा शब्द वाया गेला न्हाई, माय."

खरंच गेला नव्हता. मी पुडा सोडला आणि पहिला पेढा आबांच्या तोंडात घातला.