सहावा कागद

भिंतीवर माझा फोटो होता. आधार कार्डावरचा, सगळ्यांचा असतो तसाच वाईट. प्रोजेक्टरने तो दरवाजाएवढा केला होता. नावावर काळी पट्टी मारली होती. चेहऱ्यावर मारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

आमच्या महामंडळाच्या सभागृहात सायबर सुरक्षेचं प्रशिक्षण चाललं होतं. मी सांख्यिकी शाखेत आहे, कुठेही गेले तरी डोकी मोजते. मला धरून त्रेचाळीस माणसं होती. माईकवर आमचे विभागप्रमुख साहेब स्वतः. "खोटी मेल कशी ओळखायची, हे आपण पाहिलं. आता शिकलेली माणसंही कशी फसतात ते पाहू," म्हणाले आणि एकेक कागद पुढे सरकवू लागले. आधार. पॅन. वीजबिल. ऑफिसचं ओळखपत्र. पासबुकाचं पहिलं पान. मग सहावा कागद आला. माझा जातीचा दाखला.

साहेब थांबले. चष्मा कपाळावर सरकवला.

"मॅडमनी मिक्सर मागवला होता. ऑनलाइन. त्यासाठी जातीचा दाखला! अहो, मिक्सरमध्येही आरक्षण हवं होतं का?"

हशा.

मागून कुणी तरी म्हणालं, "सातबारा जोडायचा राहिला वाटतं."

"असायला तर हवा ना!" दुसरा म्हणाला.

पुन्हा हशा. आधीपेक्षा मोठा.

आणि मीही हसले. ओठ आपोआप तसे झाले. बावन्न वर्षांची बाई, सव्वीस वर्षांची नोकरी, आणि आपल्याच दाखल्यावर आपण हसतोय. त्या सभागृहात मला सगळ्यांची किळस आली, पण सगळ्यात आधी माझ्या त्या हसण्याची.

घडलं होतं ते असं. मी एका मोठ्या ऑनलाइन बाजारातून मिक्सर मागवला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा खाऊन झाल्यावर ऑफिसच्या संगणकावर माझी मेल उघडली. त्या बाजाराच्या नावाने मेल होती, त्याच रंगाची, वर तेच चिन्ह. इंग्रजीत होती. मराठीत सांगायचं तर: 'प्रिय ग्राहक, तुमचे खाते संशयास्पद आढळले आहे. ऑर्डर थांबवली आहे. चोवीस तासांत आपली ओळख सिद्ध करा. उपलब्ध असलेले सर्व पुरावे पाठवा. अन्यथा खाते बंद करून कायदेशीर कारवाई केली जाईल.'

संशयास्पद. मी.

मी विचार केला नाही. सगळ्या कागदांचे स्कॅन माझ्या मेलमध्ये तयार असतात. 'सर्व' म्हटलं होतं, मी सर्व पाठवले. त्याला पाच मिनिटंही लागली नसतील.

लगेच उत्तर आलं. 'धन्यवाद. आता खालील लिंकवर दोन रुपये पडताळणी शुल्क भरा.' लिंक उघडली. पान हुबेहूब बाजारासारखं. कार्डाचा नंबर घातला. फोनवर बँकेचा ओटीपी आला. मी आकडे सवयीने वाचते, शेवटपर्यंत. ओटीपीच्या शेजारी रक्कम होती: अठ्ठेचाळीस हजार नऊशे साठ.

दोन कुठे आणि हे कुठे. मी ओटीपी घातला नाही.

कार्डाच्या मागे छापलेला बँकेचा नंबर फिरवला, मेलमधला नव्हे. कार्ड बंद करून घेतलं. पासवर्ड बदलले. मग बाजाराचं ॲप स्वतः उघडून पाहिलं. माझा मिक्सर वाटेवर होता. कुणीही काहीही थांबवलेलं नव्हतं. सरकारी सायबर हेल्पलाइनला तक्रार केली, तक्रारीचा क्रमांक घेतला. पैसे वाचले होते. कागद गेले होते. आणि कागद परत येत नाहीत. उद्या माझ्या नावावर कोण कुठे कर्ज काढील, सिमकार्ड घेईल, सांगता येत नाही.

मेल ऑफिसच्या संगणकावर उघडली होती. त्यात काही घुसलं असेल तर इतरांनाही धोका. म्हणून मी स्वतःच, कुणी न विचारता, संगणक विभागाला सगळं लिहून कळवलं. मूळ मेल जोडली. माझं उत्तरही जोडलं. चूक लपवायची नाही, हा माझा स्वभाव. मी दिलेला तो प्रामाणिक अहवाल चार दिवसांनी भिंतीवर लागला.

घरी बिबवेवाडीला पोचले तेव्हा आमचे हे चहा करत होते. त्यांना सगळं सांगितलं. साहेबांचं वाक्य सांगितलं. यांनी गॅस बंद केला. मग म्हणाले, "बाकी समजलं. पण दाखला काहून दिला तू? मागितला होता का त्याईनं?"

यांचं घर वऱ्हाडातलं, माझं माहेरही तिकडचंच. चिडले किंवा घाबरले की यांची भाषा गावाला जाते.

मागितला नव्हता. मग का दिला?

मी वाशीमजवळच्या गावातली. शाळेनंतर तालुक्याच्या वसतिगृहात गेले. तिथल्या कारकुनाने पहिल्या आठवड्यात विचारलं, "दाखला?" दिला. महिन्याने पुन्हा, "दाखला?" दिला. दिवाळीनंतर तिसऱ्यांदा, तेही जेवणाच्या रांगेत, सगळ्यांसमोर. मी म्हटलं, दोनदा दिलाय. तो म्हणाला, "मग तिसऱ्यांदा द्यायला लाज वाटते काय? खायला वाटत नाही." त्या दिवशी मी जेवले नाही. बाबांना सांगितलं. बाबा रस्त्याच्या कामावर मजूर होते. ते भांडले नाहीत. तालुक्याला जाऊन दाखल्याच्या अकरा प्रती काढल्या, साहेबाची सही-शिक्का घेतला आणि मला म्हणाले, "मागायच्या आत देऊन टाकत जाय, बाई. मागा लागले का बोलतेत लोकं."

बाबांना दोष देत नाही. त्यांनी मला ढाल दिली होती. पण मी ती ढाल पस्तीस वर्षं अशी धरली की समोर कोण आहे तेच दिसेनासं झालं. कुणी नुसतं दरडावलं, 'सिद्ध कर' म्हणालं, की माझा हात कागदांकडे जातो. बँक असो, शाळा असो, गॅस एजन्सी असो. आमच्यातल्या कितीतरी घरांत ही सवय आहे. त्या चोराला माझी जात माहीत नव्हती. त्याने सगळ्यांनाच धमकी पाठवली होती. माझ्यावर ती जास्त चालली, कारण वाट आधीच कुणी तरी करून ठेवली होती.

त्याच दिवशी दिवे लागायच्या वेळी मी ती मेल फोनवर पुन्हा उघडली आणि ओळ न् ओळ तपासली, जशी तक्त्याची बेरीज तपासते. पाठवणाऱ्याचं नाव बाजाराचं होतं, पण त्यावर बोट ठेवलं की खरा पत्ता निघाला, भलत्याच नावाचा. माझ्या ऑर्डरचा क्रमांक सतरा अंकी, मेलमधला बारा अंकी. खरा बाजार मला नावाने लिहितो, या चोरांच्या लेखी मी 'प्रिय ग्राहक'. लिंकचा पत्ता तिसराच. हे सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मी पाहिलं नव्हतं. पण खरी गोष्ट त्याहून सोपी होती. ज्या बाजाराने माझ्या घरी आजवर अनेकदा सामान पोचवलं, त्याला मी कोण हे माहीत आहे. ज्याला माहीत आहे तो अचानक 'तू कोण, सिद्ध कर' म्हणत नाही. भीती घाल, घाई कर, आणि मग एक छोटीशी गोष्ट करायला सांग. एवढीच त्यांची कारागिरी.

सोमवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. बस म्हणाले नाहीत. मी बसले.

"साहेब, माझे कागद तुम्ही सगळ्यांसमोर दाखवले. ते काढून टाका. आणि जे बोललात त्याची माफी मागा. त्याच सभागृहात."

"अहो मॅडम, नाव झाकलं होतं की."

"फोटो उघडा होता. जात उघडी होती."

"विनोद होता तो. तुम्ही पण हसलात. मी पाहिलं."

हसले होते, हे खरं. पण उठले नाही.

साहेबांनी आवाज खाली आणला. "हे बघा, तुमची पदोन्नतीची फाईल माझ्याकडेच आहे. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा संधी येतेय. वाईट काही लिहिलेलं नाही मी, अजून तरी. आज संध्याकाळी फाईल वर जायची आहे. तुम्ही फक्त एक ओळ लिहून द्या, की प्रशिक्षणासाठी कागद वापरायला तुमची संमती होती. विषय संपला."

भीती. घाई. एक छोटीशी गोष्ट.

मेल ओळखायला मला अख्खी संध्याकाळ लागली होती. हे ओळखायला काहीच लागलं नाही. फरक इतकाच की चोराने निदान स्वतःचं तोंड लपवलं होतं.

"संमती नव्हती," मी म्हटलं. "नसलेली लिहून देणार नाही."

"विचार करा."

"केला."

बाहेर व्हरांड्यात शाखेतल्या एक बाई भेटल्या. चांगल्या आहेत, आजारपणात डबा आणून देतात. म्हणाल्या, "मनावर घेऊ नका हो. साहेबांचा स्वभावच तसा गमतीशीर आहे. आणि आपण तरी कशाला सगळं पाठवायचं?" त्या त्रेचाळिसांत होत्या. मी विचारलं, "तुम्ही हसलात का?" त्या घड्याळाकडे बघायला लागल्या.

मी दोन पानी तक्रार लिहिली. कोण काय बोललं, शब्दाला शब्द. विशेषणं घातली नाहीत, गरज नव्हती. संमती मागितल्याचंही लिहिलं. व्यवस्थापकीय संचालकांच्या नावे ती घेऊन आस्थापना शाखेत गेले. तिथले अधीक्षक दोन्ही पानं सावकाश वाचत राहिले. मग पेन टोपणात घातलं.

"यात जातीचा उल्लेख आहे. म्हणजे जातीच्या दाखल्याची प्रत जोडावी लागेल. त्याशिवाय अर्ज अपूर्ण."

माझा हात पिशवीकडे निघाला. खोटं कशाला सांगू, निघालाच. मी तो टेबलावर ठेवला.

"माझं सेवापुस्तक तुमच्याच कपाटात आहे," मी म्हटलं. "दाखला त्यात आहे. पडताळणीचं प्रमाणपत्रही आहे. बघून घ्या."

"अहो, एक झेरॉक्स द्यायला काय जातं? त्या मेलवाल्यांना दिलात की!"

शेजारच्या टेबलावरचा हसला.

"त्यांना दिला ती माझी चूक," मी म्हटलं. "मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत आहे. सव्वीस वर्षं माहीत आहे. तरी मागता. कोणत्या नियमाने मागता तो नियम लिहून द्या, खाली सही करा, मग देते."

या वेळी कुणी हसलं नाही. अधीक्षकांनी टोपण काढलं, पुन्हा घातलं. नियम लिहून दिला नाही. शेवटी शिक्का उचलला आणि आवक क्रमांक टाकला. मी पोच घेतली, तारीख तपासली, क्रमांक तपासला.

फाईल त्या संध्याकाळी वर गेली नाही, असं कळलं. आता जाईल की नाही, सांगता येत नाही. हे म्हणतात, "होऊ दे काय व्हायचं ते." लोक म्हणतात, मिटवा. साहेबांचा निरोप आला की ते खासगीत, चहावर, दिलगिरी व्यक्त करायला तयार आहेत. मी नाही म्हणून कळवलं. चहा नको. खासगी नको. दिलगिरी हा शब्दही नको. उघड्यावर जे केलं त्याची माफी उघड्यावर, माईकवर, पूर्ण वाक्यात. त्याहून कमी काही मी घेणार नाही.

तोवर दर सोमवारी, साडेदहा वाजता, मी आस्थापना शाखेत जाऊन उभी राहते आणि माझ्या क्रमांकाचं काय झालं ते विचारते. निवृत्तीला सहा वर्षं आहेत. म्हणजे तीनशे बारा सोमवार. सुट्टीचे वजा केले तरी अडीचशेच्या वर उरतात.

तेवढे सगळे मी जाणार आहे.