नाव नाही, मत नाही

यादीकाकांनी मला आयुष्यात कधीही "कशी आहेस?" असं विचारलं नाही. पहिल्या भेटीत नाही आणि शेवटच्याही नाही. अमेरिकेतल्या ॲशबर्नमध्ये आमच्या टाउनहाउसांच्या मागे एका तळ्याभोवती चालायची वाट आहे. तिथे त्यांनी मला अडवलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "नाव?" मी म्हटलं, "स्नेहा." "ते नाव नव्हे, ती हाक आहे. पूर्ण सांग. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव." सांगितलं. ते त्यांनी एकदा पुटपुटून तपासून घेतलं. माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. तिलाही विचारलं. ती म्हणाली, "आय डोन्ट हॅव अ मिडल नेम, अंकल." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, पोरीला मी रस्त्यात टाकून आले आहे. "बापाचं नाव लावत नाही? मग हिला मत नाही," म्हणाले आणि चालू पडले.

खरं नाव दत्तात्रय. वय ऐंशीच्या पुढे, अंगाने काटकुळे, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं, एक निळं, एक तांबडं. मुलगा अमित इथे डेटा सेंटरमध्ये नोकरीला, त्याच्याकडे काका-काकू कायमचे राहायला आले होते. यादीकाका हे नाव आम्ही पाठीमागे ठेवलं होतं, आणि ते त्यांना कळलं तेव्हा रागवायच्या ऐवजी ते खूश झाले. त्यांना ती पदवी वाटली.

झालं असं होतं की देश नुकताच स्वतंत्र झाला होता. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतदारयाद्या करायच्या होत्या, आणि वऱ्हाडातल्या एका तहसील कचेरीने मॅट्रिक पास झालेल्या एकोणीस वर्षांच्या दत्तूला चार गावं वाटून दिली. त्यात त्याचं स्वतःचंही गाव होतं. घरोघर जायचं, नावं लिहायची, वय लिहायचं. एवढाच काय तो पराक्रम. पण काकांच्या तोंडून ऐकावं तर देशात लोकशाही त्यांनीच खांद्यावर वाहून आणली. "आम्ही उभी केली, तुम्ही नुसते बसलात," हे वाक्य मी सत्यनारायणाला ऐकलं, बारशाला ऐकलं, आणि एकदा दातांच्या डॉक्टरच्या वेटिंग रूममध्येही ऐकलं.

तेव्हा म्हणे प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची आणि पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं असायचं. एका बाईने पेटीला हळदकुंकू वाहिलं. एका गड्याने मतपत्रिकेबरोबर आत चिठ्ठी टाकली की सासरे बायकोला नांदायला पाठवत नाहीत, तरी सरकारने लक्ष घालावं. एकाने विचारलं, बैलजोडीच्या पेटीत मत टाकलं तर बैल कधी मिळणार? हे सांगताना काका पोट धरून हसायचे. मला त्या हसण्याची चीड यायची. त्या माणसांनी मतपेटीकडे काहीतरी मागितलं तरी होतं. काकांनी फक्त ती माणसं मोजली.

पक्षांबद्दल मात्र त्यांचं तोंड सुटलं की ऐकत राहावंसं वाटे. "स्वातंत्र्य मिळालं आणि पक्ष कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवले. पक्षाला विचार नसतो, पेटी असते," म्हणायचे. त्यांच्या भागातला एक जमीनदार आयुष्यभर गोऱ्या साहेबाच्या मागेपुढे करून एका सकाळी खादी घालून उभा राहिला. तिकीट मिळालं नाही, तेव्हा दोन मेहुणे आणि एक बैलगाडी घेऊन त्याने स्वतःचा पक्ष काढला. निवडणूक झाल्यावर तो पक्ष विसर्जित करून, ज्यांनी तिकीट नाकारलं त्यांच्यातच जाऊन बसला. "आणि मेहुणे?" मी विचारलं. "मेहुणे शेवटपर्यंत विरोधी पक्षात," काका म्हणाले. एवढ्या एका बाबतीत ते आणि मी एकाच बाजूला होतो.

पण त्यांच्या गोष्टीचा शेवट नेहमी बायकांवर यायचा. गावातल्या बाया परक्या पुरुषाला स्वतःचं नाव सांगायच्या नाहीत. विचारलं की म्हणायच्या, मारोतीची बायको, किसनाची सून. काकाही तसंच लिहून घ्यायचे. मग वरून हुकूम आला की असली नावं चालणार नाहीत, ती वगळा. "बावळट बाया! जीभ झडत होती का नाव सांगायला? तांबडं पेन घेतलं आणि दिली काट. नाव नाही, मत नाही!" हे म्हणताना ते हवेत बोटाने आडवी रेघ ओढायचे. पहिल्यांदा मी कसनुशी हसले. चौथ्यांदा मला वाटलं, हा म्हातारा मला मुळीच आवडत नाही, आणि तसं वाटल्याबद्दल वाईटही वाटेना.

हे सगळं चाललेलं असताना काकू आतबाहेर करत असायच्या. त्या कधी बसलेल्या मी पाहिल्या नाहीत. काका त्यांना "अगं" म्हणायचे, आम्ही काकू, अमित आई, सून मम्मी. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला दरवर्षी तीनशे उकडीचे मोदक लागायचे. ते काकू आणि आम्ही पाच-सहा जणी दोन दिवस खपून वळायचो, त्यातले निम्मे एकट्या काकूंचे. "काकूंच्या हाताला काय चव आहे!" असं प्रत्येक पुरुष पाचवा मोदक उचलताना म्हणायचा. तो हात दोन वर्षांपासून मनगटापाशी सुजलेला होता, त्याला पट्टा लावलेला होता, आणि डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं की असंच चालू राहिलं तर ऑपरेशन. काकू मला हळूच म्हणाल्या, "यंदा नाही गं व्हायचं माझ्याच्याने. पण मी नाही म्हटलेलं यांना चालायचं नाही."

म्हणून मी मीटिंगमध्ये सुचवलं की यंदा जेवण केटररकडून आणू या. झालं! मंडळाचे दोन पक्ष पडले. एक केटरिंगवाले, दुसरे घरचंवाले. घरचंवाल्यांचे तीन पुढारी होते आणि तिघांनीही जन्मात कुकरचं झाकण उघडलेलं नव्हतं. "यार, हा आपल्या ट्रॅडिशनचा क्वेश्चन आहे, उद्या गणपतीपण फ्रोझन आणाल," एक जण म्हणाला आणि त्याला टाळ्या पडल्या. बारा वर्षं एकत्र कारपूल करणारे दोघे वेगवेगळ्या गाडीने ऑफिसला जाऊ लागले. आजवर मंडळाची कमिटी फोनवर ठरायची, "यंदा तू कर रे" एवढ्यावर. आता काका उठून उभे राहिले. "निवडणूक घ्या. पद्धतशीर. यादी मी करतो." म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर असं तेज मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी बुटांची दोन खोकी आणली, एकावर मोदकाचं चित्र चिकटवलं, दुसऱ्यावर केटररच्या चंदेरी ट्रेचं. मग मंडळाचे सभासदत्वाचे फॉर्म छापून घेतले आणि यादी करायला बसले. आणि इथे आमच्या नवऱ्यांनी आमचा घात केला. फॉर्म ऑनलाइन होता. त्यात "स्पाऊस" असा रकाना होता, तिथे नाव लिहायचं होतं. सतरा घरच्या हुशार इंजिनियरांनी तिथे लिहिलं होतं, "येस."

रविवारी दुपारी क्लबहाउसमध्ये सगळे मतदानाला जमलो. भिंतीवर यादी लावलेली, वळणदार देवनागरीत. आणि त्यात सतरा ठिकाणी "येस" या शब्दावर तांबडी काट. माझ्यावरही. "काका, हे काय?" "येस हे नाव आहे का? नाव नाही, मत नाही." मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "अगं, मला वाटलं आहे-की-नाही विचारलंय." त्याच्याशी काय बोलायचं ते घरी गेल्यावर बोलू असं ठरवून मी यादी वरून खाली वाचत गेले. आणि शेवटच्या ओळीवर मला हवं ते सापडलं. काकांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, "दत्तात्रय, व पत्नी." त्यावर काट नव्हती.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू! इतक्या वर्षांचं उट्टं काढायची संधी होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "काका, 'व पत्नी' हे नाव आहे का? की नियम फक्त दुसऱ्यांच्या बायकांना?"

घरचंवाल्यांपैकी कुणीतरी "सोड ना, एज बघ त्यांचं," म्हणालं. काका मात्र गंभीरपणे यादीपाशी आले, चष्मा सारखा केला, ओळ वाचली. खिशातलं तांबडं पेन काढलं, टोपण काढलं. आणि हात तिथेच राहिला. मग ते खुर्चीवर बसले आणि कुणाकडेही न बघता बोलू लागले. ती गोष्ट त्यांनी कधीच सांगितली नव्हती.

"आमच्या गावची यादी मीच केली. घरी आलो तेव्हा माय भाकरी थापत होती. वडील मी लहान असतानाच गेलेले. तिला म्हटलं, माये, तुझं नाव काय लिहू? ती हसायला लागली. म्हणाली, 'मले काय नाव हाय? दत्तूची माय लिव.' मला तिचं नाव माहीत नव्हतं. गावात सगळे तिला तेच म्हणायचे. मला पुढची घरं करायची होती, मी लिहिलं, दत्तूची माय. मग हुकूम आला. तर... ती ओळही माझ्याच हाताने गेली. मतदानाच्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली. टेबलावर मीच. म्हटलं, माये, तुझं नाव नाही यादीत. ती म्हणाली, 'कसं नाही? मी तुही माय नाही का?' मागे रांग होती. मी म्हटलं, हो बाजूला. ती गेली घरी. पुढच्या निवडणुकीपर्यंत राहिली नाही. पासपोर्टच्या वेळी आईचं नाव विचारलं, तर मी लक्ष्मीबाई ठोकून दिलं. खरं काय होतं, देव जाणे. मी कधी विचारलंच नाही."

मला त्यांची कीव आली, पण राग काही गेला नाही, उलट वाढला. ज्या माणसाला हे ठाऊक होतं, तो साठ वर्षं इतरांच्या आयांना बावळट म्हणत फिरला! आणि पुन्हा स्वतःच्या घरची ओळ लिहायची वेळ आली, तर परत तेच. मी ते बोलणारही होते, पण काकू पुढे आल्या. पट्टा लावलेल्या हाताने त्यांनी काकांच्या हातातलं तांबडं पेन काढून घेतलं, खिशातलं निळं काढून दिलं आणि म्हणाल्या, "नाव आहे हो मला. वापरात नाही, एवढंच. लिहा, मालती."

काकांनी लिहिलं. मग म्हणाले, "पुढची." सतरा जणी एकेक करून त्यांच्यासमोर उभ्या राहिलो. प्रत्येकीला त्यांनी विचारलं, "नाव काय बाई तुझं?" आणि उत्तर ऐकून घेतलं. त्यांच्या तोंडून तो प्रश्न पहिल्यांदाच प्रश्नासारखा ऐकू आला. चंदेरी ट्रेच्या खोक्यात भरपूर मतं पडली. त्या गणपतीला काकू खुर्चीवर बसून केटररचा मोदक खाताना मी पाहिल्या. "पीठ जाड आहे," म्हणाल्या, आणि दुसरा घेतला. सत्तेवर आल्यावर केटरिंगवाल्यांनी पुढच्याच वर्षी काय दिवे लावले ते विचारू नका. पक्षाला विचार नसतो हे काकांचं म्हणणं आम्ही खरं करून दाखवलं.

काका त्यानंतर तीन वर्षांनी गेले. सुधारले वगैरे नाहीत. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले तर नर्सच्या छातीवरचा बिल्ला वाचून तिला म्हणत होते, "ओन्ली फर्स्ट नेम? नो, नो. फुल नेम." मला ओळखलं, पण कशी आहेस ते विचारलं नाही. "स्नेहा" एवढंच म्हणाले. पूर्ण नाव त्यांनी मागितलं नाही, हे मला घरी आल्यावर लक्षात आलं आणि स्वयंपाकघरात उभी राहून मी रडले. ज्या माणसाचा इतका राग केला त्याच्यासाठी इतकं रडू यावं, याचाही मला रागच आला.

दुसऱ्याच दिवशी ते गेले. फ्युनरल होममध्ये मृत्यूच्या दाखल्याचा फॉर्म भरायला अमितबरोबर काकू आल्या होत्या. मला त्यांनी शेजारी बसवून घेतलं होतं. टेबलापलीकडची बाई मऊ आवाजात एकेक रकाना विचारत होती. मग म्हणाली, "हिज मदर्स नेम? बिफोर मॅरेज."

अमित म्हणाला, "लक्ष्मीबाई."

"ते खोटं आहे," काकू म्हणाल्या.

"आई, पासपोर्टवर तेच आहे. चेंज केलं तर उगाच प्रॉब्लेम होईल."

"होऊ दे. स्नेहा, तिला सांग. दत्तूची माय."

मी काकूंकडे पाहिलं. त्या टेबलापलीकडच्या कॉम्प्युटरकडे बघत होत्या. मी त्या बाईला स्पेलिंग सांगितलं. पहिलं नाव, दत्तूची. आडनाव, माय, एम-ए-वाय.

"मे? लाइक द मंथ?"

"येस," मी म्हटलं.

"प्रिटी नेम," ती म्हणाली, आणि तिने एंटर दाबलं. कॉम्प्युटरने काही हरकत घेतली नाही. नाव सरकारी कागदात गेलं.

काकूंनी विचारलं, "चढलं?"

"चढलं."

"आता मारा म्हणावं काट."