ऐंशी रुपयांचा साबण

अट्टल चिकटपणा आणि नवाबी उधळेपणा एकाच अंगात गुण्यागोविंदानं नांदवणारा माणूस माझ्या बायकोच्या मामांशिवाय अख्ख्या परभणी जिल्ह्यात सापडायचा नाही. सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मुनिमकी करून घरी बसलेले मामा रिक्षाचे पैसे वाचवायला स्टेशनापासून घरापर्यंत पायी जातात, कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी सगळा बाजार पालथा घालतात आणि बशीत सांडलेला चहाही वाया जाऊ देत नाहीत. पण दाढीचा साबण त्यांना हातानं बनवलेलाच लागायचा, दूरच्या कुण्या कारागिराकडून कुरिअरनं मागवलेला, चंदनाच्या वासाचा. एका डबीचे साडेआठशे ऐकून मी दचकलो, तेव्हा त्यांनी मला शांतपणे समजावलं, "जावईबापू, डबीची किंमत पाहू नका. त्या डबीपायी माणूस रोज सकाळी जरा येळ खुश राहतो, त्याचं काय लावता ते बोला."

हा हिशेब मामींपुढे टिकला नसता, म्हणून त्यांना मामांनी किंमत सांगितली ऐंशी रुपये. घोटाळा तिथंच झाला. असला घमघमीत साबण ऐंशीत मिळतो म्हटल्यावर मामींनी गल्लीतल्या, भिशीतल्या आणि पोखर्णीच्या माहेरच्या यच्चयावत पुरुषांसाठी तो मागवून द्यायचं कबूल केलं, वर पैसेही गोळा करून मामांच्या हातावर ठेवले. मामांचं जेवणावरून लक्ष उडालं. खरं सांगावं तर घरात अब्रू जाते, न सांगावं तर साठवलेला पैसा जातो.

शेवटी ते परभणीला माझ्याकडे आले. आम्ही बाजारातून खोबरेल, एरंडेल, कॉस्टिक सोडा असलं सामान घेतलं आणि मोबाइलवर बघून बघून मामांनी साबण शिजवायला घेतला. मामींना सांगितलं, कारागिरानं यंदा माल कच्चाच पाठवलाय, परभणीला नुसता थापायचाय. पहिला घाणा माझ्या गालावर तपासला गेला. पुढचे काही दिवस ऑफिसात मला लोक पित्त उठलंय का विचारत होते. दुसरा घाणा फेसच देईना. तिसऱ्याला मात्र असा दाट, पांढराशुभ्र फेस आला, की जन्मभर कापूस पाहिलेले मामा ब्रश हातात धरून नुसते बघत राहिले. साबण वाटले गेले, सगळे खुश झाले आणि पुन्हा मागू लागले. परभणीचा एक दुकानदार तोच साबण चांगल्या डबीत घालून चौपट भावानं विकायला तयार होता. मामांनी साफ नाही म्हटलं, कारण भाव वाढला असता तर घरी खुलासा करावा लागला असता. कारागिराचा साबण दर खेपेला जावयाच्याच गच्चीवर का वाळतो, हे मामींनीही कधी विचारलं नाही.

अलीकडे मामांचा हात थरथरतो. मागच्या महिन्यात सेलूला गेलो, तर अंगणात कोवळ्या उन्हात मामा खुर्चीवर डोळे मिटून बसलेले आणि मामी त्यांच्या गालावर ब्रश फिरवताना दिसल्या.

"हळू," मामा म्हणाले.

"हळूच करायलेय. तुमी हलू नका."

मामींनी वस्तरा उचलला. मामा हनुवटी वर करून निवांत बसून राहिले. मला हाक मारायची होती, पण मी दारातच थांबलो.