काट्याचा पहिला फोन

रंगमंचावर मी आयुष्यभर खोटी लाज दाखवत आले: पदर ओढायचा, मान तिरकी करायची, टाळी घ्यायची. खरी लाज जवळून पाहिली ती काट्याच्या चेहऱ्यावर.

काटा हे त्याचं टोपणनाव. डोंगरावरच्या वेधशाळेत तो यंत्रं सांभाळायचा. ज्वालामुखीच्या माथ्याशी पुरलेलं एक यंत्र जमिनीचा कल मोजायचं. डोंगराच्या पोटात शिलारस साठू लागला की माथा फुगायचा आणि यंत्राचा काटा वर सरकायचा. त्याच्या नोकरीत डोंगर जेव्हा जेव्हा फुटला, तेव्हा तेव्हा असंच झालं होतं. आधी काटा वर, मग माथ्यातून आग. लोक त्याला रस्त्यात अडवून विचारायचे, "काय रे, आज काय म्हणतो डोंगर?" तोही ऐटीत सांगायचा, "झोपलाय. खुशाल कपडे वाळत घाला."

त्या वर्षी यंत्राचा काटा वर चढला, हादरे सुरू झाले आणि खालच्या उतारावरची गल्ली रिकामी करण्यात आली. माणसं आमच्या जुन्या नाट्यगृहात राहायला आली. काट्याच्या ताईला आणि भाऊजींना मी रंगपटाची खोली दिली. ताई शिवणकाम करायची. बेतलेले कपडे घरीच राहिले म्हणून तिचा जीव वर-खाली होत होता. एका सकाळी काट्याचा फोन आला.

"ताई, जा घरी. माथा बसला. दम गेला त्याचा."

वेधशाळेने काहीच जाहीर केलं नव्हतं. पण काट्याची बहीण निघाली म्हटल्यावर शेजारची काही बिऱ्हाडंही निघाली.

माथा बसला होता हे खरं. मात्र शिलारस थंडावला नव्हता, त्याने वाट बदलली होती. माथ्याखालच्या साठ्यातून तो आडवा निघाला आणि पाचर ठोकून लाकूड फोडावं तसा खडक चिरत उताराच्या पोटातून खाली सरकू लागला. साठा रिता होत होता, म्हणूनच वरची जमीन खचत होती. हादरेही खाली खाली सरकताहेत हे काट्याला दुपारी उमगलं.

दुसऱ्या फोनवर त्याच्या तोंडून धड शब्द फुटेना. "ताई, पळ! सगळ्यांना घे! चप्पल राहू दे!"

सगळे वाचले. गल्लीमागच्या बागेत जमीन आधी केसाएवढी तडकली, मग लांबच लांब उसवत गेली आणि त्या भेगेतून आगीची भिंत उभी राहिली. पुढे बरीचशी भेग थिजून बुजली, पण एका तोंडातून लाव्हा कित्येक आठवडे वाहत राहिला. माथ्याखालच्या साठ्याला आणखी खोलच्या साठ्यातून भर पडत होती. ताईच्या घराचा पत्ताही उरला नाही.

"माझ्या भावाने फोन केला म्हणून आम्ही जिवंत आहोत," ताई येईल त्याला सांगायची. काटा भेटायला यायचा तो मागच्या दाराने. ताईने हे वाक्य सुरू केलं की तो बुटाची नाडी सोडायचा आणि पुन्हा बांधायचा.

"अहो हिरो, टेका की जरा!" भाऊजी म्हणायचे.

"नको भाऊजी, घाई आहे."

लाव्हा थांबला. उरलेल्या घरांत परतायचं का, हे ठरवायला आमच्याच नाट्यगृहात सभा भरली. वेधशाळेचे साहेब आकडे सांगू लागले, तसा गल्लीतला बेकरीवाला ओरडला, "साहेब नकोत, काट्याला वर घ्या! तो आपला माणूस."

ढकलून ढकलून त्याला रंगमंचावर चढवलं. हात कुठे ठेवावेत हे नवशिक्या नटाला कळत नाही, तसं त्याचं झालं.

"वरचा काटा शांत आहे," तो म्हणाला. टाळ्यांचा कडकडाट झाला. "टाळ्या नका वाजवू. त्या सकाळी ताईला घरी मी पाठवलं. वेधशाळेने नाही. मला वाटलं, माथा बसला म्हणजे डोंगर बसला. तोच काटा दाखवून आज पुन्हा 'जा' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. उतारावर यंत्रं बसू द्या. तोवर मला काही कळत नाही."

"म्हणजे आमची पोरंबाळं तू जाळायला धाडली होतीस?" बेकरीवाल्याने विचारलं.

काट्याने मान डोलावली.

विंगेत ताई उभी होती; तो कडेला सरकताच कुजबुजली, "सगळ्यांसमोर कशाला बोललास? मी झाकलं होतं ना?"

"तुला राग नाही आला, ताई?"

"आला. अजून आहे. पण तेव्हा तोंडावर बोलले असते तर तू मला परत कधी फोन केला नसतास. आणि मला राहायचंय याच डोंगराखाली."

शरमेने त्याला मान वर करवेना. मी पडदा पाडायला सांगितला; तेवढंच माझ्या हातात होतं.

बहुतेक लोक नाट्यगृहातच थांबले. बेकरीवाला रागारागाने सहकुटुंब परत गेला. डोंगर गप्पच राहिला. यंत्रं बसवायला काटा गल्लीतून जाऊ लागला की बेकरीवाला दारातून हसायचा, "काय रे भित्र्या, कुठे गेला तुझा शिलारस?"

एकदा काटा त्याच्या दारापाशी थांबला. नजर जमिनीवरच होती. म्हणाला, "तुमचा फोन नंबर द्याल?"

बेकरीवाल्याने दार लावून घेतलं. त्याच्या बायकोने मात्र खिडकी उघडली आणि नंबर सांगितला.