‘कोयना’च्या पोटातला लाल पंजा

त्या प्रकरणाला आता वीस वर्षं होऊन गेली. नोकरीत मी दरोडे पाहिले, चाकूहल्ले पाहिले, पण नातवंडांनी ‘आजी, पोलिसातली गोष्ट सांग’ म्हटलं की पहिली आठवते ती एक रिकामी लोखंडी बोट. त्यात एका म्हाताऱ्या जोडप्याचं राहतं घर जाता जाता राहिलं. शिवाय त्या गोष्टीत मी स्वतः इतकी हास्यास्पद दिसते की पोरांना ती पुन्हा पुन्हा ऐकायची असते. नावं कोणाचीच सांगणार नाही. काका, काकू आणि बिल्डर एवढ्यावर भागेल.

तेव्हा मी इंग्लंडात, लेस्टरमधल्या एका पोलीस स्टेशनात डिटेक्टिव्ह कॉन्स्टेबल होते. गणवेश उतरवून साध्या कपड्यांत काम करायला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. चाळिशी उलटली होती, पण डोक्यात हवा सोळाव्या वर्षाची. मी खोलीत शिरले की गुन्हेगारांना घाम फुटतो, अशी माझी समजूत होती. घाम खरं तर मलाच फुटायचा, कारण भर उन्हाळ्यात मी लांब कोट घालून फिरत असे. टीव्हीवरचे डिटेक्टिव्ह कोट घालतात ना!

एके सकाळी काउंटरवरून फोन आला. “तुझे अंकल आलेत. डबा घेऊन.”

ते माझे सख्खे काका नव्हेत. कऱ्हाडकडचे. तरुणपणी इथे आले आणि निवृत्त होईपर्यंत शहरात बस चालवली. काकूंनी होजिअरीच्या कारखान्यात शिवणाची मशीन चालवली. रोज बस घेऊन कालव्यावरच्या पुलावर सिग्नलला थांबायचं आणि खालून जाणाऱ्या लांबट, अरुंद नॅरोबोटींकडे बघायचं, हा काकांचा वर्षानुवर्षांचा छंद. “त्यांना सिग्नल नसतो गं,” असं ते मला नेहमी सांगत. आता त्यांनी घर विकायला काढलं होतं आणि तशीच एक नवी बोट बांधायला दिली होती. दोघं कायमचे तिच्यातच राहणार होते. शुक्रवारी वकिलाकडे घराच्या कागदांवर सह्या व्हायच्या होत्या आणि त्याच दिवशी बिल्डरला दुसरा हप्ता जायचा होता. या देशात एकदा त्या सह्या झाल्या की घर गेलं. मागे फिरता येत नाही.

“तुझ्या त्या कॉम्प्युटरवर जरा बघ,” काका चिवड्याचा डबा पुढे सरकवत म्हणाले. “बिल्डर गुन्हेगार-बिन्हेगार नाही ना?”

“काका, ओळखीच्या माणसासाठी तो कॉम्प्युटर उघडला तर उद्या माझंच नाव त्यात येईल.”

“मग तू पोलिसात असून आम्हाला उपयोग काय?”

“तुम्ही स्वतः काही चौकशी केलीत का?”

“केली की! दोनदा जाऊन आलो. घरीही आला होता तो. दारात बूट काढले, काकूचा चिवडा दोनदा मागून घेतला. माणूस सरळ आहे.”

आपल्या लोकांची ही खोड मी पुढेही पुष्कळ पाहिली. बँकेच्या माणसाला पन्नास प्रश्न विचारतील, पण ज्याने घरात शिरताना बूट काढले त्याला एकही नाही. मग मला जायची वेळ का आली? काकांच्या एका वाक्यामुळे. बिल्डर म्हणाला होता की लोखंड महाग होत चाललंय, तेव्हा दुसरा हप्ता ठरल्यापेक्षा आधी द्या. घाई कोण कोणाला करतोय, हे पोलीस पहिलं बघतात.

रविवारी सुट्टीच्या दिवशी मी काकूंची भाची बनून त्यांच्याबरोबर बोटीच्या यार्डात गेले. वेशांतर म्हणून कोट काढून ठेवला होता आणि गवती टोपी घातली होती. बिल्डर हसतमुख, दंडाएवढी मनगटं, हात पुसत पुढे आला. मी हात मिळवला आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, “आपलं पूर्ण नाव? जन्मतारीख?”

त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, “बुटाचं मापही हवंय का, ऑफिसर?”

काकूंनी माझ्या बरगडीत कोपर मारलं. “गप राहा की जरा,” त्या पुटपुटल्या. “मुलगी बघायला आलेल्यांसारखी काय करतेस?”

शेडमध्ये एकच बोट होती. खिडक्यांच्या जागी नुसती भोकं असलेला काळपट पोलादी सांगाडा. बाजूला सुबक अक्षरांची पाटी, ‘कोयना’. ती पाहून काकांचे डोळे भरून आले. माझं लक्ष बिल्डरच्या बोलण्याकडे होतं. बिल्डर म्हणाला, गिऱ्हाइकांनी शनिवार-रविवारी यावं, पण आधी फोन करूनच, ‘सेफ्टी’साठी. मला ते रास्त वाटलं. त्या वयात माझ्यासमोर कोणी सेफ्टी म्हटलं की मी मान डोलवायची.

तेवढ्यात काकूंनी पिशवीतून तांब्या, कुंकवाचा करंडा आणि नारळ काढला. वास्तूत शिरायचं तर कुंकवाचा पंजा उमटवायचा, त्यांच्या माहेरची रीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“काकू, इथे नको. लोक काय म्हणतील?”

“कुठले लोक? तो एकटा तर आहे.”

“मग निदान आत तरी. पार पुढच्या टोकाला, कोपऱ्यात. कोणाला दिसणार नाही अशा जागी.”

काकू कुरकुरत आत वाकल्या. कुंकू पाण्यात कालवलं, तळवा बुडवला आणि दोन पोलादी पट्ट्यांच्या मधल्या बेचक्यात ठसा उमटवला. त्याच्या खाली चार अक्षता चिकटवल्या. बिल्डर तेव्हा काकांना इंजिनाची चित्रं दाखवत होता. त्याला काही दिसलं नाही. नारळ मात्र मी तिथे फोडू दिला नाही.

निघताना मी त्याच्याकडे जुन्या गिऱ्हाइकांचे फोन मागितले. त्याने दोन दिले. दोघांनीही फोनवर इतकी स्तुती केली की मी खूश झाले. संध्याकाळी काकूंना कौतुकाने सांगितलं, तर त्या चपाती लाटता लाटता थांबल्या.

“हे नंबर कोणी दिले?”

“त्यानेच.”

“आणि तू पोलीस? अगं, स्थळाची चौकशी नवऱ्यामुलाच्या मामाकडे करतात का? शेजारी विचारायचं. ज्याचं नाव मुलाकडच्यांनी सांगितलं नाही, त्याला.”

मला राग आला, कारण पोलीस प्रशिक्षणात नेमकं हेच शिकवलं होतं आणि माझ्या डोक्यातून ते गळून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी कालव्याकाठच्या पाणी भरायच्या जागी जाऊन उभी राहिले. तिथे बोटवाले टाकी भरेपर्यंत थांबतात आणि त्यांना बोलायला कोणीतरी हवंच असतं. त्या यार्डाचं नाव काढलं की जो तो सांगायचा, “हो, तिथे बोट बांधतात.” पण त्या यार्डातून बाहेर पडलेली, पाण्यात तरंगणारी एकही बोट कोणी पाहिलेली नव्हती.

नुसत्या संशयावर वॉरंट मिळत नाही. सार्जंटने माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तक्रार कोणाची आहे?” कोणाचीच नव्हती. काका तर म्हणत होते, “शब्द दिलाय मी त्याला.” काकूंनी खोकी बांधायला घेतली होती.

गुरुवारी सकाळी दुसऱ्याच कोणाचा तरी फोन आला. निवृत्त शिक्षिका, नवरा गेलेला, घर विकून भाड्याच्या कॅरॅव्हानमध्ये दिवस काढत होत्या. आवाज थरथरत होता, वाक्यं मात्र व्याकरणशुद्ध. त्या सकाळी खास परवानगी काढून त्या आपली नवी बोट बघायला गेल्या होत्या आणि तिच्यात रक्ताने माखलेल्या हाताचा ठसा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी बिल्डरला विचारलं तेव्हा तो म्हणाला, गंज रोखायचा लाल रंग आहे. “मी आयुष्यभर मुलांना शिकवलंय,” त्या म्हणाल्या. “खोटं बोलताना मुलं आधी माझ्या बुटांकडे बघतात. त्यानेही तेच केलं.”

पत्ता त्याच यार्डाचा होता. मी निघाले. कोट घातला होता, हातमोजे, नमुने घ्यायच्या पिशव्या, सगळा सरंजाम. बिल्डर जेवायला गेला होता. शिक्षिका मला शेडमध्ये घेऊन गेल्या. बोटीवर पाटी होती ‘ब्लूबेल’. आत वाकले, टॉर्चचा झोत टाकला. पुढच्या टोकाला, दोन पट्ट्यांच्या बेचक्यात, सुकून तपकिरी पडलेला पंजा होता. खाली तांदळाचे चार दाणे. आणि अनामिकेचं वरचं पेर उमटलेलंच नव्हतं, कारण काकूंचं ते पेर कारखान्याच्या मशीनने कधीच नेलं होतं.

मी तिथेच बसले. इतकं हसू आलं की त्या बाई घाबरल्या. मग हसू गेलं आणि उरला तो राग. एकाच सांगाड्यावर काकांची पाटी लागत होती, यांची पाटी लागत होती. आणखी किती जणांची?

आधी काकांकडे गेले. दार काकूंनी उघडलं. भिंतींवर तसबिरींच्या नुसत्या खुणा राहिल्या होत्या. मी सांगितलं तसे काका खोक्यावर बसले.

“सह्या उद्या आहेत,” मी म्हटलं. “करू नका.”

“चहा दिला होता गं त्याने,” एवढंच ते म्हणाले.

काकूंनी बांधलेलं एक खोकं फाडून उघडलं आणि त्यातून कढई बाहेर काढली. “मी ह्या घरातून हलणार नाही,” त्या म्हणाल्या. “तू जा, त्याला धर.”

आता तक्रार होती. संध्याकाळपर्यंत काकांचा आणि शिक्षिकाबाईंचा असे दोन्ही जबाब झाले, पानापानावर सह्या झाल्या, न्यायाधीशाकडून वॉरंट आलं. शेडच्या मागच्या खोलीत पाट्या सापडल्या. हॉटेलात ताटं रचतात तशा एकावर एक, प्रत्येकीच्या मागे लोहचुंबक. कोणाच्या नातीचं नाव, कोणाच्या गावचं. ज्याने यायचं कळवलं असेल त्याची पाटी पुढे लावायची, बाकीच्या आत. म्हणून तर आधी फोन करायचा.

चौकशीच्या खोलीत तो, त्याचा वकील, मी आणि सार्जंट. दोन टेप लावल्या. संपल्यावर त्यातली एक त्याच्यासमोर सील व्हायची. हक्क वाचून दाखवले. त्यानंतर प्रत्येक प्रश्नाला त्याचं एकच उत्तर, “नो कॉमेंट.” अशा माणसावर ओरडलं म्हणून तो बोलत नाही. तो प्रश्नांना तयार होऊन आलेला असतो, म्हणून त्याने तयारी केलेली नाही ते पुढे ठेवायचं.

मी पंजाचा फोटो ठेवला.

“रंगाचा डाग,” तो म्हणाला. पहिल्यांदा ‘नो कॉमेंट’ सुटलं.

“हा डाग ‘ब्लूबेल’मध्ये आहे. ‘कोयना’ कुठे आहे?”

“रंगवायला पाठवली. वेगळी बोट आहे ती.”

“हा हात ओळखता?”

“नाही.”

“या हातचा चिवडा तुम्ही दोनदा मागून खाल्लात.”

मग मी काकूंच्या हाताचा ठसा फोटोच्या शेजारी ठेवला. तो घेताना काकूंनी आमच्या तंत्रज्ञाला बजावलं होतं, “नीट घे बाबा, पुन्हा येणार नाही मी.” एक पेर कमी असलेले दोन पंजे शेजारी शेजारी. वकिलाने चष्मा काढला. बिल्डर त्या पंजांकडे बघत राहिला. शेवटी त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं.

“ती बोट आहे कोणाची?” मी विचारलं.

“शनिवारी ज्याची पाळी असेल त्याची,” तो म्हणाला.

वकिलाने त्याचा दंड धरला, पण टेप फिरत होती.

त्याला शिक्षा झाली. काकांचा पहिला हप्ता बुडाला, घर वाचलं. शिक्षिकाबाईंचं घर आधीच गेलं होतं. त्या काही महिने काकूंच्या वरच्या खोलीत राहिल्या आणि वरणभाताला मिरपूड लावून खायला शिकल्या. सार्जंटने सर्वांसमोर माझी पाठ थोपटली. पंजा टिकला तो दडलेल्या जागी होता म्हणून, आणि ती जागा कोणी सुचवली होती? मीच. मला लाज वाटली म्हणून सुचवली, हे मी सार्जंटला आजतागायत सांगितलेलं नाही.

दोन वर्षांनी काकांनी पुन्हा बोट घ्यायचं काढलं. मी नको म्हणाले. काकू म्हणाल्या, “का? एक स्थळ वाईट निघालं म्हणून पोरगी घरात ठेवायची?” या खेपेस चौकशी त्यांनी केली. बिल्डरने दिलेले फोन नंबर बाजूला ठेवले आणि चिवड्याची पिशवी घेऊन कालव्याच्या काठाने चालत सुटल्या. त्याने बांधलेली बोट दिसली की टकटक करायची आणि मालकिणीला विचारायचं, “हिवाळ्यात कुठून पाणी गळतं? बोलावल्यावर तो येतो का?” नवऱ्याला नाही विचारायचं, नवरे आपली निवड चुकली असं कबूल करत नाहीत. यार्डात फोन न करता, आडवारी जायचं. जेवढे पैसे दिले तेवढं लोखंड आपल्या मालकीचं, हे करारात लिहून घ्यायचं आणि बोटीचा नंबर लोखंडात कोरलेला स्वतः चाचपून बघायचा. इतक्या वर्षांच्या नोकरीत यापेक्षा पक्की तपासणी मी पाहिली नाही. मी शिकले ते हेच: माणूस कसा वाटतो याची नोंद घ्यावी, पण त्याची चौकशी त्याने न दाखवलेल्या दारावर जाऊन करावी. परवा धाकट्या नातीने मला मोबाइलवर कुठल्याशा बिल्डरचे पाच तारे दाखवले. मी म्हटलं, चपला घाल.

नवी ‘कोयना’ तयार झाली तेव्हा काकूंनी पंजा कोपऱ्यात नाही, दारासमोरच्या भिंतीवर उमटवला. मी कोट घालून शेजारी उभी होते आणि या वेळी नारळ मीच फोडला. रंगारी ब्रश घेऊन अवघडून थांबला होता.

“मॅडम, यावरून रंग मारू की एवढी जागा सोडू?”

“मार,” काकू म्हणाल्या. “तो कुठे आहे ते मला माहीत आहे.”